लोकटाकची फुमदी : पाणी उतरण्याचे महत्त्व

पाणथळ जागेत पाणी जितके अधिक तितकी ती समृद्ध, अशी सर्वसाधारण समजूत असते. मणिपूरमधील लोकटाक सरोवराचा अनुभव याच्या उलट आहे.

ईशान्य भारतातील गोड्या पाण्याच्या या सर्वांत मोठ्या सरोवराचा समावेश १९९० मध्ये रामसर यादीत झाला. गवत, लव्हाळे, मुळे, कुजलेला पाला आणि माती यांचे जाड थर येथे पाण्यावर तरंगतात. त्यांना मैतेई भाषेत 'फुमदी' म्हणतात. फुमदीचा जेमतेम पाचवा हिस्सा पाण्यावर दिसतो. पूर्वी हिवाळ्यात पातळी उतरली की फुमदी तळावर टेकत असे, मुळे गाळातील अन्नद्रव्ये शोषून घेत आणि पावसाळ्यात पुष्ट झालेला थर पुन्हा वर येई. गाळपेर जमिनीची सुपीकता ज्यांनी पाहिली आहे, त्यांना या चक्राचे मोल सांगावयास नको.

१९८३ मध्ये जलविद्युत प्रकल्पासाठी मणिपूर नदीवर इथाई बंधारा उभा राहिला आणि पातळी वर्षभर उंच राहू लागली. काठची शेतजमीन पाण्याखाली गेली. केइबुल लामजाओ राष्ट्रीय उद्यानातील फुमदी तळाशी टेकेनाशी होऊन पातळ होत गेली. सांगाई हे दुर्मीळ हरीण याच तरंगत्या कुरणावर जगते. पातळ थर त्याचा भार पेलत नाही. १९७५ च्या हवाई पाहणीत केवळ १४ सांगाई आढळले होते. संरक्षणामुळे पुढील गणनांत ही संख्या दोनशेवर गेली, अधिवासाचा प्रश्न मात्र कायम आहे. याउलट, नंबुल नदीतून इंफाळचे सांडपाणी येते त्या भागात फुमदी बेसुमार वाढते व ती काढून टाकावी लागते.

सांगाईच्या आहारातील 'इशिंग काम्बोंग' ही वनस्पती भाताच्या कुळातील आहे. काणीवर्गीय बुरशीमुळे फुगलेले तिचे खोड माणसेही आवडीने खातात. पिकावरील रोग म्हणून परिचित असलेला बुरशीचा हा वर्ग येथे बाजारातील भाजी निर्माण करतो.

बंधाऱ्याने माशांची वाटही अडवली. चिंदविन-इरावती नदीप्रणालीतून चढून येणारा पेंगबा हा मणिपूरचा राज्यमासा सरोवरात नैसर्गिकरीत्या येईनासा झाला. प्रेरित प्रजननातून मिळालेल्या बीजामुळे तो आज मुख्यत्वे मत्स्यतळ्यांत टिकून आहे.