कंप्रेसर गेला म्हणण्याआधी

बाजारहत्नूर

चि. भाच्यास,

इच्चोड्याच्या गॅरेजात तू आता एसीची कामं घेतोस, हे ताईकडून कळलं. फार बरं वाटलं. हवा गरम येते म्हटलं की लगेच गॅस भरायला घ्यायचं, ही सवय मात्र लावून घेऊ नकोस. आपल्याकडचा गाडीवाला कापसाच्या पैशातून दुरुस्ती करतो. न तपासता कंप्रेसर गेला म्हणालास, तर त्याचं वर्षाचं गणित बिघडतं.

आधी नुसतं बघ. इंजिन चालू असलं की कंप्रेसरची पुली पट्ट्यावर फिरतच असते. पुढची क्लचची प्लेट मात्र एसी लावून कॉइलने ओढल्यावरच ‘खट्’ करून फिरू लागते. एसी लावूनही प्लेट थांबलेली असेल तर कॉइलच्या कनेक्टरवर मल्टिमीटर लाव. १२ व्होल्ट येत नसतील तर फ्यूज, रिले आणि प्रेशर स्विच तपास. गॅस कमी झाला की तो स्विच मुद्दाम करंट तोडतो, कारण कंप्रेसरचं ऑइल गॅसबरोबरच फिरतं. म्हणून स्विचला वायर जोडून गाडी देऊन टाकू नकोस. कोरडा चाललेला कंप्रेसर खरोखरच जाम होईल. गळती शोध.

करंट येतो, तरी प्लेट हलत नाही, तर इंजिन बंद करून कॉइलचा रेझिस्टन्स मोज. बहुतेक गाड्यांत तो ३ ते ५ ओहम असतो. काहीच दाखवलं नाही तर कॉइल तुटली.

खरी फसवणूक होते ती उन्हाळ्यात. मे महिन्यात आपल्या आदिलाबादकडे पारा ४५ च्या घरात जातो. सकाळी बोथला जाताना गार हवा देणारी गाडी दुपारी परतताना देत नाही, आणि तासभर सावलीत उभी राहिली की पुन्हा चालते. तांबं तापलं की त्याचा रेझिस्टन्स दर अंशाला साधारण ०.४ टक्के वाढतो. २० अंशांना ३.६ ओहमची कॉइल १०० अंशांना पावणेपाच ओहमच्या आसपास जाते, करंट सव्वातीन अँपिअरवरून अडीचवर येतो, आणि ओढ कमी पडते. त्यात प्लेट घासून तिची पुलीपासूनची फट वाढलेली असली, तर क्लच धरतच नाही. हा दोष तापलेल्या गाडीतच सापडतो. ‘उद्या सकाळी आणा’ म्हणालास तर सकाळी सगळं ठीक दिसेल आणि तू नाहक गॅस भरशील.

इंजिन बंद करून फीलर गेजने ही फट मोज, तीन-चार जागी. साधारण ०.३ ते ०.६ मिलिमीटर असते, पण त्या मॉडेलचा कंपनीचा आकडाच खरा धर. जास्त असेल तर आतली एक पातळ शिम काढ. मग एसी बंद असताना प्लेट पुलीला घासत नाही ना, हे हाताने फिरवून बघ. प्लेट जळून निळी पडली असेल तर मात्र क्लच बदलायला सांग. या एवढ्या कामात कितीतरी कंप्रेसर वाचतात.

कापसाच्या हंगामात कंडेन्सरवर तंतू आणि धूळ बसते. त्याने प्रेशर चढून क्लच सुटतो, तेव्हा आधी कंडेन्सर धुऊन घे आणि पंखा फिरतो का ते पाहा. एसी बंद असतानाही घरघर येत असेल तर पुलीचं बेअरिंग तपास. एसी लावल्यावरच येत असेल तर कंप्रेसरच्या आत बघ. आणि काही नव्या गाड्यांत क्लचच नसतो, तिथे ‘खट्’ची वाट बघत बसू नकोस.

तुझा मामा