मोजणी जुळली, तरी गॉज आत!

प्रश्न : मणक्याच्या ऑपरेशननंतर आत गॉज राहिल्याचं अधूनमधून वाचनात येतं. ओटीत सगळं मोजतात म्हणे. मग राहतं कसं? आणि वर्षानुवर्षं कळत कसं नाही?

उत्तर : मोजतात. सुरुवातीला, जखम शिवायला घेण्याआधी आणि पुन्हा शेवटी. तरी राहतं, आणि राहिलं तिथल्या कागदावर बहुतेकदा ‘मोजणी बरोबर’ असंच लिहिलेलं सापडतं. अमेरिकेतले सर्जन अतुल गावंडे (वडील आपल्या यवतमाळ जिल्ह्यातले) आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये ऑपरेशननंतर आत वस्तू राहिलेल्या ५४ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात हेच दिसलं. तातडीच्या ऑपरेशनात धोका सुमारे नऊपट, ऐनवेळी बेत बदलला तर चौपट. पाकिटातच एखादी घडी जास्त निघाली किंवा एक दोनदा मोजली गेली, की हिशेब जुळतो आणि माल आत राहतो.

मणक्याचं काम पाठीचे जाड स्नायू बाजूला ओढून खोल, अरुंद जागेत चालतं. रक्तानं माखलेलं गॉज तिथं स्नायूसारखंच दिसतं. मज्जारज्जूजवळ वापरायच्या ‘पॅटी’ नावाच्या छोट्या पट्टीला म्हणूनच दोऱ्याची शेपटी असते. ही शेपटी जखमेबाहेर ठेवतात.

गॉजचा कापूस शरीरात विरघळत नाही. जंतू शिरले तर पू होतो, जखम वाहते, लवकर कळतं. नाही शिरले तर शरीर त्याभोवती जाड आवरण तयार करतं, आणि ते कधीकधी दशकभरही गप्प बसतं. पुढे कंबर दुखते, एमआरआयमध्ये गाठ दिसते आणि ती ट्यूमर वाटते. एक्स-रेत दिसावा म्हणून गॉजमध्ये बेरियमचा धागा घातलेला असतो, पण एमआरआयमध्ये तो उठून दिसत नाही. महागड्या तपासणीतून निसटतं ते साध्या एक्स-रेत सापडू शकतं. अर्थात धागा चुरगळलेला असला किंवा स्क्रूंच्या आड गेला, तर तिथंही नजर चुकते.

आत काही राहिलं तर दोष कुणाचा, याबाबत कायद्याला मात्र संभ्रम नाही. १९६३ मध्ये औरंगाबादच्या सरकारी रुग्णालयात कुटुंबनियोजनाच्या शस्त्रक्रियेत एका बाईंच्या पोटात टॉवेल राहिला आणि त्या दगावल्या. टॉवेल आत राहणं हाच निष्काळजीपणा, जबाबदारी राज्य सरकारची, असं सर्वोच्च न्यायालयानं ठरवलं. पण १९९६ मध्ये.

मणक्याचं जुनं ऑपरेशन झालेल्या कुणाला त्याच जागी गाठ निघाली, तर डॉक्टरांना ते ऑपरेशन आधी सांगा, जुने कागद दाखवा, आणि एक्स-रे किंवा सीटी करायचा का, ते विचारा.