टर्बो बसवताय? रिंगांची गॅप बिलावर लिहून घ्या

किटवाला तुम्हाला किटची किंमत सांगतो. इंजिन उघडायचा खर्च सांगत नाही. जळगावात काम करा की धुळ्यात, खिसा तिथेच रिकामा होतो.

आधी कायदा. रस्त्यावरच्या गाडीच्या मूळ रचनेत परस्पर बदल करायला मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आडवं येतं. मालकाला प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. वॉरंटी जाते, विम्याचा दावा अडकतो. ‘आरटीओचं मी बघतो’ म्हणणाऱ्याला एक रुपयाही अ‍ॅडव्हान्स देऊ नका. आरसी आणि पॉलिसी घेऊन आरटीओत स्वतः जा, लेखी उत्तर मागा.

आता गॅप, म्हणजे पिस्टन रिंगेच्या दोन टोकांमधली फट. बूस्ट आला की रिंग जास्त तापते, लांबते. दोन टोकं एकमेकांना भिडली की सिलिंडर खरवडतो, नाहीतर पिस्टनची वरची कड तुटते. साध्या पेट्रोल इंजिनाला बोअरच्या दर मिलिमीटरमागे 0.004 मिमी गॅप धरतात, टर्बोला 0.0055च्या आसपास. जुन्या 1.2 लिटर स्विफ्टचा बोअर 73 मिमी, म्हणजे 0.29 ऐवजी 0.40. दुसऱ्या रिंगेला त्याहून किंचित जास्त. पिस्टन-रिंगेच्या डब्यात कागद असेल तर त्यातलाच आकडा खरा. मे महिन्यात आपल्याकडे पारा 45च्या घरात जातो, वर कन्नड घाटाची चढण. तेव्हा आकडा सढळ धरा. गॅप थोडी जास्त झाली तर थोडं ऑइल जाईल; कमी पडली तर इंजिन जाईल.

मोजणी तुमच्यासमोर करून घ्या. रिंग तिच्याच सिलिंडरमध्ये घालायची, उलट्या पिस्टनने सुमारे 25 मिमी खाली सरळ ढकलायची, मग फिलर गेज. गेज दोन-तीनशे रुपयांना मिळतो, स्वतःचा न्या. कमी भरली तर टोक बाहेरून आत, एकाच दिशेने घासायचं. एका रिंगेला काही मिनिटं लागतात, म्हणूनच हे काम टाळलं जातं.

टाळायची खास युक्तीही आहे. झिजलेल्या बोअरमध्ये नव्या स्टँडर्ड रिंगा टाकल्या की गॅप आपोआप वाढलेली दिसते: व्यास 0.10 मिमी वाढला तर गॅप 0.31ने वाढते. पण झीज वर जास्त, खाली कमी असते. वर 0.45 आणि तळाशी 0.25 निघाली तर रिंग तिथेच भिडणार. जुन्या बोअरमध्ये तळाशीही मोजायला लावा.

कोटेशन कलमवार घ्या. रिंग सेट छोट्या पेट्रोल गाडीला साधारण दोन ते चार हजार. बोरिंग-होनिंगचा दर सिलिंडरमागे विचारा. गॅस्केट सेट, हेड बोल्ट, ऑइल, कूलंट, लेथवर ने-आण हे सगळं नंतर ‘वरचं’ म्हणून येतं. बोअर मोठा करावा लागला तर ओव्हरसाइज पिस्टनही आले. इंजेक्टर आणि ईसीयू ट्यूनिंग किटमध्ये आहे का, तेही लिहून घ्या. लेथवर गर्दी असेल तर आठवडा धरा.

पक्क्या बिलावर सिलिंडर क्रमांक आणि दोन्ही रिंगांची गॅप नोंदवून घ्या, मगच उरलेले पैसे द्या. काम बिघडलं तर दोन वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगात जाता येतं, दोन्ही जिल्ह्यांत तो आहे. मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही. त्याआधी ग्राहक हेल्पलाइनला 1915वर फोन करा.