लेकराचा श्वास मोजायला शिकू या



थंडी सुरू झाली की आपल्या वस्त्यांत घरोघरी लेकरे खोकू लागतात. बहुतेकांचा सर्दी-खोकला आठ-दहा दिवसांत आपोआप बरा होतो. पण त्यातल्याच एखाद्या बाळाला निमोनिया झालेला असतो आणि त्याच्यासाठी एकेक दिवस मोलाचा असतो. हा फरक ओळखायचा कसा, हा आजच्या धड्याचा विषय आहे.

तामलवाडी हे सोलापूर-तुळजापूर रस्त्यावरचे गाव. एका बाजूला तुळजापूरचे सरकारी रुग्णालय, दुसऱ्या बाजूला सोलापूरचे सिव्हिल. रस्ता चांगला आहे, वाहनेही मिळतात. तरीसुद्धा उशीर होतो. तो रस्त्यावर नाही, घरात होतो. ‘छाती भरलीय, शेक द्या’, ‘कफ झालाय, उतरेल’, ‘आज बाजार आहे, उद्या बघू’ असे म्हणता म्हणता दोन रात्री जातात. घरातल्या माणसांना माया नसते असे नाही. आता थांबायचे नाही, हे सांगणारी खूण त्यांच्या हाती नसते. ती खूण आहे श्वासाचा वेग.

श्वास का वाढतो?

आपल्या फुप्फुसात हवेच्या बारीक पिशव्या असतात. निमोनियात जंतूंमुळे त्यांत पाणी आणि पू साचतो. फुप्फुस ताठर होते, खोल श्वास घेता येत नाही. मग बाळ कमी पडलेली हवा भरून काढण्यासाठी भराभर, उथळ श्वास घेऊ लागते. म्हणून छातीचा फोटो किंवा रक्ताची तपासणी हाताशी नसली तरी श्वास मोजून निमोनियाची शंका घेता येते. 1980 नंतरच्या काळात पापुआ न्यू गिनी या देशातल्या डॉक्टरांनी आजारी मुले तपासून ही गोष्ट दाखवली. पुढे जागतिक आरोग्य संघटनेने तिच्यावरून वयानुसार आकडे ठरवले.

गडचिरोलीत काय घडले?

हे काम खेड्यातली साधी माणसे करू शकतील का? याचे उत्तर आपल्याच महाराष्ट्रात मिळाले. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गडचिरोली जिल्ह्यातली 102 गावे अभ्यासासाठी घेतली. त्यातल्या 58 गावांत आरोग्यसेवक आणि सुईणी यांना बाळाचा श्वास मोजायला, निमोनिया ओळखायला आणि कोट्रायमोक्साझोल हे औषध द्यायला शिकवले. उरलेल्या 44 गावांत नेहमीच्याच सोयी चालू होत्या.

सुईणींपैकी पुष्कळ जणींना लिहिता-वाचता येत नव्हते, पन्नासपर्यंत मोजणेही अवघड जायचे. म्हणून त्यांच्यासाठी एक साधे साधन तयार केले. त्यात एका मिनिटाचे वाळूचे घड्याळ आणि मण्यांच्या ओळी होत्या. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत ठरलेल्या मण्यापर्यंत पोचलो, तर निमोनिया समजायचा.

1990 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात याचे निष्कर्ष छापून आले. ज्या गावांत हे काम चालले, तिथे उपचार मिळालेल्या निमोनियाच्या दर शंभर मुलांमागे एकापेक्षाही कमी मूल दगावले (0.8 टक्के). दुसऱ्या गावांत हेच प्रमाण 13.5 टक्के होते. पाच वर्षांखालच्या दर हजार मुलांमागे निमोनियाने होणारे मृत्यू पाहिले, तर एकीकडे 8.1 आणि दुसरीकडे 17.5 होते. म्हणजे निम्म्याहून कमी.

दोन्हीकडच्या गावांची तुलना का करायची? नुसत्या 58 गावांत मृत्यू कमी झाले असते, तर कोणी म्हणाले असते, ‘त्या वर्षी थंडीच कमी होती.’ शेजारची 44 गावे त्याच काळात पाहिली, म्हणून तो संशय राहिला नाही. कालामांना तथागतांनी हेच शिकवले: सांगोवांगीने, परंपरेने किंवा कोणी मोठा म्हणतो म्हणून मानू नका, स्वतः पारखून घ्या. औषधोपचाराच्या संशोधनात ही पारख आकड्यांनी करतात.

आम्हाला या अभ्यासातली आणखी एक गोष्ट मोलाची वाटते. ज्या बायांना शाळेचे तोंड पाहायला मिळाले नव्हते, त्यांनी हे ज्ञान आत्मसात केले आणि लेकरे वाचवली. ज्ञान ही कुणाची मिरासदारी नाही, हे बाबासाहेबांनी आपल्याला शिकवले. बाबासाहेब आणि रमाई यांची चार अपत्ये बालपणीच गेली. राजरत्न 1926 साली गेला. त्या काळी आजच्यासारखी प्रतिजैविके नव्हती, लसी नव्हत्या. आज त्या सरकारी केंद्रात मोफत मिळतात. तरीही घरात उशीर झाला म्हणून लेकरू जाणे, हे आपण चालू द्यायचे नाही.

श्वास असा मोजा

1. बाळ शांत असावे. रडताना किंवा दूध पिताना मोजू नका. झोपेत मोजले तर उत्तम.
2. उजेडात बसा. अंगडे वर करून पोट आणि छाती उघडी करा.
3. पोट एकदा वर येऊन खाली गेले की एक श्वास.
4. पूर्ण एक मिनिट मोजा. एकाने मोबाइलवरचे घड्याळ पाहावे, दुसऱ्याने मोजावे.
5. मोजताना चुकत असेल तर दर दहा श्वासांना ज्वारीचा एक दाणा बाजूला ठेवा.

एका मिनिटात इतके किंवा याहून जास्त श्वास झाले तर निमोनियाची शंका घ्या:
- दोन महिन्यांच्या आतील बाळ: 60 (पुन्हा एकदा मोजून खात्री करा)
- दोन महिने ते एक वर्ष: 50
- एक ते पाच वर्षे: 40

असे दिसले तर त्याच दिवशी आशाताईंना दाखवा किंवा आरोग्य केंद्रात जा. केंद्र सरकारने 2019 मध्ये निमोनियासाठी ‘सांस’ ही मोहीम सुरू केली. आशाताईंना निमोनियाची लक्षणे ओळखायला शिकवणे हा तिचा भाग आहे. आता या आजारासाठी बहुधा अमॉक्सिसिलिन देतात. वजनाप्रमाणे किती द्यायचे हे त्यांनाच ठरवू द्या. बरे वाटले म्हणून औषध मध्येच बंद करू नका. शेजारच्या लेकराचे उरलेले औषध तर कधीच पाजू नका.

मोजत बसू नका, लगेच 108 ला फोन करा

- श्वास घेताना बरगड्यांखालची छाती आत ओढली जाते
- बाळ अंगावर पीत नाही, पाणीही घेत नाही, घेतलेले सगळे ओकते
- झटके येतात, किंवा बाळ मलूल पडून हाकेला दाद देत नाही
- ओठ निळे पडतात, श्वासाबरोबर कण्हल्यासारखा आवाज येतो
- दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला ताप आहे किंवा अंग गार पडले आहे

चूल, धुरी आणि लस

बाळ-बाळंतिणीच्या खोलीत शेगडी आणि ओव्याची धुरी देण्याची पद्धत अजून पुष्कळ घरांत आहे. कोंदट खोलीतला तो धूर बाळाच्या कोवळ्या फुप्फुसात जातो. उबेसाठी टोपी, मोजे, गोधडी आणि आईचे अंग पुरेसे आहे. बिब्ब्याचा चटका, नाकात तेल, ब्रँडीचे थेंब यांनी निमोनिया बरा होत नाही, उलट इजा होते. अंगारे-धुपारे तर बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरात नकोतच.

मग गॅस आला की काम झाले का? भारत, ग्वाटेमाला, पेरू आणि रवांडा या चार देशांत याचा मोठा अभ्यास झाला. भारतातली गावे तामिळनाडूतली होती. गरोदर बायांच्या घरी गॅस दिला. घरातला धूर खूपच कमी झाला. पण 2024 मध्ये छापलेल्या निष्कर्षात बाळांचा गंभीर निमोनिया त्यामुळे लक्षणीय कमी झालेला दिसला नाही. याचा अर्थ चूल चांगली असा नव्हे. चुलीच्या धुराने वर्षानुवर्षे स्वयंपाक करणाऱ्या बायांना दम्यासारखा कायमचा फुप्फुसाचा आजार जडतो, हे पक्के आहे. अर्थ एवढाच, की एकट्या गॅसवर विसंबून चालणार नाही. सहा महिने निव्वळ अंगावरचे दूध, नंतर चांगला आहार, लस आणि वेळेवर औषध, हे सगळे लागते. निमोनियाची पीसीव्ही लस सहाव्या आणि चौदाव्या आठवड्याला आणि नवव्या महिन्याला मोफत मिळते. पेंटाव्हॅलंट आणि गोवर-रुबेलाच्या लसीही निमोनियापासून वाचवतात.

ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांना आमची खास विनंती आहे. कोपीतली थंडी आणि धूर लेकरांना बाधतो, आणि गावची आशाताई तिथे नसते. निघण्यापूर्वी राहिलेल्या लसी घ्या, लसीकरणाचे कार्ड सोबत ठेवा, श्वास मोजायला शिकून जा. टोळीत एकीला जरी येत असले तरी सगळ्या कोप्यांतली लेकरे सांभाळली जातील.

दम्याचे काय?

एखाद्या मुलाला वरचेवर खोकला येत असेल, छातीत शिट्टीसारखा आवाज होत असेल, तर तो दमा असू शकतो. त्यातही श्वास वाढतो. प्रत्येक वेळी प्रतिजैविक देणे हा त्यावरचा उपाय नाही. डॉक्टरांनी पंप दिला तर वापरा. पंपाची सवय लागते हा गैरसमज आहे. त्यातले औषध थोडक्या मात्रेत थेट फुप्फुसात जाते.

विहारात करून पाहण्यासाठी

येत्या रविवारी वंदनेनंतर अर्धा तास काढा. आशाताईंना बोलवा. दोन-दोन जणींनी मिळून एका निरोगी बाळाचा श्वास मोजावा आणि दोघींचा आकडा जुळतो का ते पाहावे. वयाप्रमाणे तिन्ही आकडे विहाराच्या फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहा, शेजारी 108 आणि आशाताईंचा क्रमांक लिहा. आनापान करताना आपण स्वतःचा श्वास पाहतो. या थंडीत लेकरांचाही पाहू या.

नमो बुद्धाय! जय भीम!