चेंडूचा टप्पा आणि ९४ सेंटीमीटर



टेनिसच्या चेंडूने गल्लीत क्रिकेट खेळला नाही असा मुलगा इंदूरात सापडणे कठीण. आता मुलीही मागे नाहीत. पण तोच चेंडू दोन मीटरवरून सोडला तर किती वर येईल, हे विचारले की सगळे गप्प. म्हणून गेल्या सत्रात अकरावीच्या वर्गाकडून आम्ही हा प्रयोग करवून घेतला. सामान म्हणजे एक नवा चेंडू, भिंतीला चिकटवलेली मोजपट्टी आणि चित्रण करायला मोबाइल. खर्च नगण्य, हे विश्वस्त मंडळींच्या माहितीसाठी.

चेंडूचा तळ २०० सेंटीमीटरवर धरायचा आणि ढकलता नुसता सोडायचा. उसळी मोजतानाही तळच बघायचा आणि डोळा पट्टीच्या नेमका समोर ठेवायचा. एका गटाची पाच वाचने अशी आली: ११०, ११२, १०९, ९४, १११.

वही आमच्याकडे आली तेव्हा ९४ वर गिरवून ११० केलेले होते. विचारले तर उत्तर मिळाले, "सर, ते चुकले होते." कशावरून चुकले? तर बाकीच्यांशी जुळत नव्हते म्हणून! पालकहो, यात मुलांना काय दोष द्यावा? हिंदी माध्यमातून बी.एस्सी. करताना आम्हीही आधी उत्तर बघून मग उलटे गणित करून वाचने भरली आहेत, आणि पूर्ण गुण मिळवले आहेत.

त्या गटाला आम्ही पुन्हा जागेवर नेले. चौथ्या वेळी चेंडू जरा बाजूच्या फरशीवर पडला होता, असे चित्रणात दिसले. त्याच फरशीवर पाचदा टाकला, तर पाचही वेळा उसळी ९२ ते ९६ च्या दरम्यान. बोटाने ठोकून पाहिले तेव्हा इतर फरश्या टणक वाजत होत्या, ही मात्र ढबढब. खालचा मसाला सुटून ती पोकळ झाली होती. चेंडूची काही ऊर्जा ती फरशी हलवण्यात खर्च होत होती. वाचन बरोबर होते, चुकीचे होते ते खोडणे.

यावरून मुख्य गोष्ट समजते. उसळी एकट्या चेंडूची नसते, चेंडू आणि जमीन दोघांची मिळून असते. म्हणूनच टेनिसच्या नियमात २५४ सेंटीमीटरवरून सोडलेला चेंडू १३५ ते १४७ सेंटीमीटर उसळावा असे सांगताना जमीन कशी हवी हेही सांगितलेले असते. आपल्या होळकर स्टेडियमवर मार्च २०२३ मध्ये भारत-ऑस्ट्रेलिया कसोटी झाली, ती आठवा. पहिल्या दिवशी भारत १०९ धावांत बाद, तिसऱ्या दिवशी सामना संपला. आय.सी.सी.ने खेळपट्टीला आधी 'खराब' ठरवले आणि अपिलानंतर 'सरासरीपेक्षा कमी' असा शेरा दिला. चेंडू किती वळतो आणि किती उसळतो, यावर केवढे रामायण होते बघा.

आता गणित. चांगल्या फरशीवरील चार वाचनांची सरासरी ११०.५, म्हणजे मूळ उंचीच्या सुमारे ०.५५ पट. वेगाचे गुणोत्तर हवे असेल तर याचे वर्गमूळ घ्यायचे, कारण उंची वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. ते येते सुमारे ०.७४. हिंदी पुस्तकांत याला प्रत्यानयन गुणांक म्हणतात. उरलेली ४५ टक्के ऊर्जा नाहीशी होत नाही. चेंडू दबतो, किंचित तापतो, थोडा आवाज होतो, त्यात ती जाते.

प्रत्येक टप्प्याला ०.५५ पट धरली तर उंची होते २००, ११०, ६०.५, ३३.३... ही गुणोत्तर श्रेढी. पहिली उंची चेंडू फक्त उतरतो, पुढची प्रत्येक चढतो आणि उतरतो. म्हणून एकूण अंतर = २०० + २ × ११० ÷ (१ − ०.५५), म्हणजे सुमारे ६८९ सेंटीमीटर. कागदावर टप्पे अनंत, तरी अंतर सात मीटरही नाही! वेळही बेतालच: सगळे टप्पे मिळून सुमारे ४.३ सेकंद. अशा न संपणाऱ्या बेरजेला मर्यादित उत्तर असते, हे केरळचे नीलकंठ सोमयाजी यांनी सुमारे पाचशे वर्षांपूर्वी १/४ + १/१६ + १/६४... ची बेरीज १/३ दाखवून मांडले होते. खरा चेंडू अर्थातच अनंत टप्पे घेत नाही, थोड्या वेळाने घरंगळू लागतो.

पट्टी नसेल तर डोळे मिटून ऐका. टप्प्यांमधले अंतर सुमारे ०.९५, ०.७०, ०.५२ सेकंद असे ०.७४ च्या पटीने आखडत जाते. मोबाइलवर आवाज ध्वनिमुद्रित करून घरीच पडताळता येईल.

या सत्रापासून प्रयोगवहीत वाचन पेननेच लिहायचे. खोडायचे असल्यास एकच रेघ मारायची, खालचा आकडा वाचता आला पाहिजे, आणि शेजारी कारण लिहायचे. वाचन जुळले नाही म्हणून गुण कापू नयेत, असे शिक्षकांना सांगितले आहे. वार्षिक परीक्षेला येणारे बाहेरचे परीक्षक काय करतील ते आमच्या हाती नाही, आणि पालकांनी ही शंका बैठकीत विचारली ती रास्तच होती. शाळेपुरते मात्र आम्ही ठरवले आहे.

ती पोकळ फरशी प्रयोगशाळेच्या दारापासून तिसरी आहे. दुरुस्तीच्या यादीतून आम्ही ती तूर्त वगळली आहे.