पक्षाघात कशामुळे घटतो? : जपानचा अनुभव आणि रक्तदाबाचे महत्त्व

पक्षाघात, म्हणजेच अर्धांगवायू किंवा लकवा, अचानक येतो अशी आपली समजूत असते. झटक्याचा क्षण अचानक येतो हे खरे. परंतु त्याची पूर्वतयारी रक्तवाहिन्यांमध्ये अनेक वर्षे चाललेली असते. म्हणूनच हा आजार मोठ्या प्रमाणात टाळता येतो. याचे ठळक उदाहरण जपानने घालून दिले आहे.

जपानमध्ये काय घडले?

१९५१ ते १९८० या काळात जपानमधील मृत्यूच्या कारणांत पक्षाघात पहिल्या क्रमांकावर होता. ईशान्येकडील अकिता प्रांताची स्थिती विशेष बिकट होती. तेथील हिवाळा दीर्घ आणि हिमवर्षावाचा. त्यामुळे भाताबरोबर खारवलेल्या भाज्या, खारे मासे आणि मिसोचे खारट सूप हाच नित्याचा आहार असे. १९५० च्या दशकात तेथे दरडोई मिठाचे प्रमाण दिवसाला २५ ग्रॅमहून अधिक आढळले. जागतिक आरोग्य संघटनेने सुचविलेली आजची मर्यादा ५ ग्रॅमची आहे, हे लक्षात घेतले म्हणजे या आकड्याचे गांभीर्य कळते.

पुढे १९६५ ते १९९० या पंचवीस वर्षांत, लोकसंख्येच्या वयोमानातील फरक वगळून पाहिले असता, जपानमधील पक्षाघाताचा मृत्युदर सुमारे ८० टक्क्यांनी घटला.

हे श्रेय झटक्यानंतरच्या उपचारांचे म्हणावे, तर रक्ताची गुठळी विरघळवणाऱ्या औषधाला जपानमध्ये पक्षाघातासाठी मान्यता मिळाली ती २००५ साली. तोवर घट होऊन गेली होती. शिवाय केवळ मृत्यूच नव्हे, तर नवे झटकेही कमी झाले होते. अकिता प्रांतातील इकावा येथे १९६३ पासून गावकऱ्यांचा रक्तदाब नियमित मोजणे, तो वाढलेला असल्यास उपचारांचा पाठपुरावा करणे आणि मीठ कमी करण्याचे शिक्षण देणे असा उपक्रम सुरू झाला. जेथे असे काम अल्प प्रमाणातच झाले, अशा दुसऱ्या गावाशी पुढे तुलना करण्यात आली. इकावातील पुरुषांमध्ये नवे झटके अधिक घटल्याचे दिसून आले; स्त्रियांमध्ये मात्र दोन गावांतील फरक तितका स्पष्ट नव्हता. १९६१ साली जपानमध्ये सर्व नागरिकांना आरोग्य विमा लागू झाल्यामुळे उपचार घेणेही सुलभ झाले होते.

रक्तदाब आणि मेंदू

मेंदूच्या खोल भागाला रक्त पुरवणाऱ्या धमन्या अतिशय बारीक असतात. रक्ताचा वाढीव दाब त्यांच्यावर सतत पडत राहिला की त्यांच्या भिंती जाड होतात, आतील मार्ग अरुंद होतो आणि एके दिवशी रक्तपुरवठा खंडित होतो. किंवा दुर्बळ झालेली भिंत फुटून रक्तस्राव होतो. या सर्व काळात रुग्णाला बहुधा कोणताही त्रास जाणवत नाही.

औषधांनी दाब उतरवल्याने धोका टळतो, हे अमेरिकेतील डॉ. एडवर्ड फ्रीस यांच्या अभ्यासातून १९६७ साली दिसून आले. तीव्र उच्च रक्तदाबाच्या १४३ पुरुषांपैकी निम्म्यांना औषध आणि उरलेल्यांना औषधासारखीच दिसणारी निर्गुण गोळी देण्यात आली. दुसऱ्या गटात चार मृत्यू झाले, पहिल्यात एकही नाही. त्यामुळे अभ्यास वेळेआधीच थांबवावा लागला. पुढील अनेक अभ्यासांच्या एकत्रित निष्कर्षानुसार वरचा रक्तदाब १० अंकांनी उतरला, तर पक्षाघाताचा धोका सुमारे चतुर्थांशाने घटतो. धूम्रपान, मधुमेह आणि हृदयाची अनियमित गती हीदेखील पक्षाघाताची महत्त्वाची कारणे आहेत. तथापि, त्यांत अग्रस्थान रक्तदाबाचेच आहे.

आपल्यासाठी बोध

उच्च रक्तदाबाच्या नियंत्रणासाठी २०१७ साली महाराष्ट्रासह पाच राज्यांत राष्ट्रीय पातळीवरील उपक्रम सुरू झाला. परंतु गोळ्या उपलब्ध होणे ही केवळ पहिली पायरी होय. आकडा उतरला की ‘आता बरे झाले’ असे मानून गोळी बंद करणारे रुग्ण प्रत्येक डॉक्टरला ठाऊक आहेत. आकडा उतरलेला असतो तो गोळीमुळेच. म्हणून कुटुंबीयांना आग्रहाची विनंती आहे, की तिशीनंतर प्रत्येकाचा रक्तदाब वर्षातून एकदा तरी मोजून घ्यावा; वैद्यकीय सल्ल्याशिवाय गोळी बंद करू नये; लोणचे, पापड, फरसाण व सुकी मासळी बेताने घ्यावी आणि ताटात वरून मीठ वाढू नये. चेहरा वाकडा होणे, हातातील शक्ती जाणे वा बोबडी वळणे यांपैकी काहीही अचानक दिसल्यास क्षणाचाही विलंब न करता रुग्णालय गाठावे. गुठळी विरघळवणारे औषध पहिल्या साडेचार तासांतच देता येते.

देणगीदारांनी दिलेल्या यंत्रामुळे वाचलेला रुग्ण सर्वांना दिसतो. रक्तदाब तपासणीसाठी दिलेल्या देणगीचे फळ मात्र असे दाखवता येत नाही. ज्या घरात झटका आलाच नाही, तेथून आभाराचे पत्र येत नाही. जपानमधील घट अशाच असंख्य घरांची मिळून झाली आहे. यंत्रसामग्रीइतकेच या शांत कामालाही आपण पाठबळ द्यावे, ही नम्र विनंती.