रानातील एक दिवस : सत्ता की राखण?

शास्त्रपाठ : उत्पत्ती १:२६-२८, २:१५, स्तोत्रसंहिता ७२:८-१४, १०४:१०-२४

पाठाचा उद्देश : देवाने मनुष्याला दिलेली सत्ता ही राखणीची जबाबदारी आहे, हे मुलांच्या मनावर बिंबवणे.

ग्वाल्हेरच्या मराठी घरांना शिवपुरी परकी नाही. शिंदे सरकारची ती उन्हाळ्यातील राजधानी. तेथील छत्र्या पाहावयास आपली माणसे पिढ्यान्‌पिढ्या जात आली आहेत. थंडीच्या दिवसांत एका शनिवारी आम्हीही मुलाबाळांसह तेथील माधव राष्ट्रीय उद्यानात गेलो. रविवारची उपासना चुकू नये म्हणून शनिवार निवडला.

साडेतीनशे चौरस किलोमीटरांहून मोठे असे हे रान. खैर, धावडा, सलई यांची झाडी. चितळ, सांबर, नीलगाय, चिंकारा. आणि १९१८ साली बांधलेल्या सख्या सागर तलावाच्या काठी ऊन खात पडलेल्या मगरी. परंतु आमचे मन वाघावर होते. वाटेत चितळांचा कळप आडवा आला. धाकटी म्हणाली, "थोडं थांबू या ना!" आम्ही म्हणालो, "चितळ काय, कुठेही दिसतात. पुढे चला." दिवसभर गाडी पळवली. वाघ दिसला नाही. सूर्य मावळण्याच्या सुमारास फाटकाबाहेर पडावे लागले, तेव्हा आम्हीच सर्वांत जास्त हिरमुसलो होतो.

त्या रात्री कौटुंबिक प्रार्थनेत १०४ वे स्तोत्र वाचले. अंधार पडला की वनपशू बाहेर पडतात, तरुण सिंह देवाजवळ आपले अन्न मागतात. सूर्य उगवला की ते परततात आणि मनुष्य संध्याकाळपर्यंत आपल्या कामास लागतो, असा तेथील भाव आहे. धाकटीने विचारले, "म्हणून आपल्याला बाहेर काढलं का? आता वाघाची पाळी?"

आम्ही निरुत्तर झालो. जे आम्ही अनेकदा वाचले होते, ते लेकराने एका वाक्यात सांगितले.

१. रान आपल्यासाठीच नाही. स्तोत्रकर्ता मनुष्याला सृष्टीबाहेर उभा करीत नाही. रानगाढवे, पक्षी, रानबकऱ्या व सिंह यांच्याच ओळीत बसवतो. दिवस आपला, रात्र त्यांची. दोघांचाही अन्नदाता एकच. वाघ दिसला नाही म्हणून दिवस फुकट गेला असे आम्हाला वाटले, कारण तो आमच्या करमणुकीसाठीच आहे असे आम्ही धरून चाललो होतो.

२. सत्ता म्हणजे काय? या उद्यानातील उंच जागी जॉर्ज कॅसल नावाची वास्तू आहे. १९११ साली पंचम जॉर्ज बादशहा शिकारीस येणार, म्हणून त्यांच्या एका रात्रीच्या मुक्कामासाठी ती बांधली, असे सांगतात. त्या काळी वाघ मारणे हेच सत्तेचे लक्षण समजले जाई. पुढे या रानातून वाघ नाहीसा झाला. मार्च २०२३ मध्ये दुसऱ्या रानांतून वाघ आणून येथे सोडण्यात आले, आणि मार्च २०२५ मध्ये हे उद्यान व्याघ्र प्रकल्प म्हणून जाहीर झाले. जे घालवणे सोपे होते, ते परत आणण्यास केवढे कष्ट पडले!

उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात सत्ता चालवण्यासाठी जो इब्री शब्द आहे, तोच ७२ व्या स्तोत्रात नीतिमान राजाच्या राज्याविषयी आला आहे. तो राजा लुटत नाही. गरिबाची हाक ऐकतो. म्हणून आणखी एक गोष्ट विसरू नये. या उद्यानासाठी काही गावांतील लोकांना आपल्या जमिनी सोडाव्या लागल्या. वाघ राखताना दुबळ्यांचा हक्क राखणे हाही त्याच सत्तेचा भाग आहे.

३. राखण. एदेन बागेची मशागत व राखण करण्यास देवाने आदामाला ठेवले. येथे 'राखणे' यासाठी 'शामार' हा इब्री शब्द आहे. उपासनेच्या शेवटी पाळकसाहेब जो अहरोनाचा आशीर्वाद देतात (गणना ६:२४), त्यातही हाच शब्द आहे. देव जसे आपल्याला राखतो, तसे आपण त्याच्या सृष्टीला राखावे. दर रविवारी आशीर्वाद घेऊन बाहेर पडणाऱ्याने मंडळीच्या सहलीनंतर तलावाकाठी कचरा टाकून यावे, हे कसे शोभेल?

दुसऱ्या दिवशी आम्ही धाकटीची क्षमा मागितली. पुन्हा गेलो तर चितळांपाशी थांबायचे, असे ठरले आहे.

शिक्षकांसाठी प्रश्न :
(१) १०४ व्या स्तोत्रातील प्राण्यांची यादी मुलांकडून करवून घ्या. यांपैकी कोणते मनुष्याच्या उपयोगाचे नाहीत? तरी देव त्यांना का पोसतो?
(२) घरात, शाळेत किंवा मंदिराच्या आवारात राखण्याजोगे काय आहे? प्रत्येकाने एक काम निवडावे.
(३) आपल्या सोयीसाठी कोणाला जागा सोडावी लागली आहे काय? त्यांच्यासाठी आपण काय करू शकतो?

प्रार्थना : हे देवबापा, तुझी सृष्टी आम्ही आपली मालमत्ता समजलो, याची क्षमा कर. आम्हाला थांबून पाहण्यास व विश्वासूपणे राखण्यास शिकव. येशूच्या नावाने मागतो. आमेन.